हरभऱ्याचे शेंडे खुडताय ना? मग एवढं बघा

आता हरभरा वीतभर झालाय, पेरून महिना-सव्वा महिना झाला असेल तर शेंडे खुडायची हीच वेळ, कारण वरचा कोंब काढला की झाडाला बाजूने फांद्या फुटतात आणि पुढे घाटे जास्त लागतात, वर घरात भाजी येते ती वेगळीच. फक्त फुलं दिसायला लागली की हात लावू नका, तिथे नुकसानच आहे. सकाळी दव असताना पण नको, ऊन वर आलं, पानं सुकली की जा, आणि नखाने वरचा बोटाच्या पेराएवढाच कोवळा शेंडा घ्या, ओरबाडू नका. खुडताना बोटं आंबट होतात बघा, ती आंबच भाजीची खरी चव, म्हणून आमच्याकडे आई ही भाजी धूतच नाही, नुसती झटकून निवडते. अर्थात फवारणी झालेली असेल तर ती भाजी खायचीच नाही, यात तडजोड नको. जास्त निघाली तर सावलीत पातळ पसरून वाळवा, कडकडीत झाली की डब्यात भरा, उन्हाळ्यात लसणाची फोडणी देऊन भाकरीसोबत काय लागते!