परदेशात फ्लामेंको शिकताय? या चुका टाळा

शिक्षणासाठी दोन वर्षं मी स्पेनमधल्या सेव्हिलला होते. तिथेच फ्लामेंको शिकले, म्हणजे गाणं, टाळी आणि बुटांच्या ठेक्यावरचा तिथला नाच. आता दारव्ह्याजवळच्या आमच्या गावी परतले आहे. तालुक्यातली कुणी मुलगी तिकडे निघाली की फोन येतो आणि पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, बूट कोणते घेऊ?" बूट नंतर. आधी बारापर्यंत मोजता येतं का, ते सांगा.

मोजण्याची चूक आपण घरूनच नेतो. मी खंजिरी भजनात वाढले. तिथे केरवा आठ मात्रांचा, सम पहिल्या मात्रेवर. फ्लामेंकोतल्या 'सोलेआ' या प्रकाराचं आवर्तन बारा मात्रांचं, पण जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर, आणि ओळ मिटते दहावीवर. बारा म्हणजे आपला एकताल, असं धरून मी दोन महिने पहिलीवर जोर देत राहिले. शिक्षिका थांबवायच्या, मी पावलं तपासायची. पावलं चुकतच नव्हती.

मग एका संध्याकाळी सेव्हिलच्याच त्रियाना भागात एका छोट्या बैठकीला गेले. गाणं सुरू झालं, मीही टाळी धरली. गाणं चालू असताना तिथे टाळी ओंजळ करून, दबक्या आवाजाची देतात. मी दिली भजनातली, कडक, आणि तीही पहिलीवर. गायिका ओळीच्या मध्येच थांबली. शेजारच्या आजोबांनी माझे दोन्ही हात धरून माझ्याच मांडीवर ठेवले. रागावले नाहीत. पण त्या रात्री मी खोलीपर्यंत रडत गेले.

त्यानंतर तीन महिने पाय उचलला नाही, फक्त टाळी. भांडी घासताना तोंडाने मोजायचं, बसमध्ये मांडीवर बोटांनी. दहानंतर 'अकरा, बारा' म्हणू नका, जीभ अडखळते. तिथले लोकही दहानंतर पुन्हा 'एक, दोन' म्हणतात. ज्यांना तीन महिने टाळी देणं कंटाळवाणं वाटतं, त्यांनी हा नाच शिकू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

गायकाची ओळ चालू असताना पायांचा कडकडाट करू नका.

रील पाहून पावलं उचलू नका. रीलमध्ये आवर्तन कुठून सुरू झालं तेच कापलेलं असतं.

तिथल्या दुकानातल्या शोभेच्या लाकडी चिपळ्यांवर (कॅस्टनेट) पैसे घालू नका. टाळी पुरते.

"हे तर आपलंच कथक!" हे वर्गात बोलू नका. आपली बरीच मुलं पहिल्याच आठवड्यात बोलतात. स्पेनमधल्या रोमा लोकांचे (ज्यांना जिप्सी म्हणतात) पूर्वज भारतातून गेले, हे खरं. तिथल्या कागदपत्रांत त्यांची नोंद १४२५ पासून सापडते. पण फ्लामेंको घडला अंदालुसियात, म्हणजे सेव्हिल ज्यात येतं त्या दक्षिण स्पेनमध्ये, शतकानंतर शतकं हाल सोसलेल्या त्याच रोमांच्या आणि तिथल्या गरिबांच्या गळ्यातून. कथकचा पाय अनवाणी पडतो, बोलतात घुंगरू. इथे बोलतो बूट. समोरच्याची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आपल्या नावावर लावली की तो शिकवणं आखडतो. मी ते पाहिलं आहे.

आता बूट. चवड्याला आणि टाचेला खिळे ठोकलेले असतात. पहिली जोडी रुंद टाचेची घ्या आणि ती दगडावर कधीच वापरू नका. मी सुट्टीत घरी आले तेव्हा ओसरीच्या शहाबादी फरशीवर रोज तासभर सराव केला. आजी ओरडायची, "काय वं पोरी, फरशी फोडून राह्यली का?" फरशी शाबूत राहिली, नडग्या गेल्या. जिना चढवेना, महिनाभर सराव बंद. सारवलेल्या अंगणातही जमत नाही, तिथे आवाजच उमटत नाही आणि चूक कळत नाही. मग सुताराकडून चार बाय चार फुटांची जाड प्लायवूड आणली, खाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे ठोकले. ती अजून ओसरीत भिंतीला टेकून उभी असते. दुपारी आडवी पाडते, आधी दहा मिनिटं टाळी, मगच बूट.