ऑस्ट्रेलियाच्या माळावर सोने शोधायला जाताना

सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडी, तासगाव या तालुक्यांतल्या लोकांची गलाईची, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याची, दुकाने देशभर पसरली आहेत, त्यामुळे आमच्या विट्याकडच्या घरांत मूस, भट्टी, तेजाब आणि कस हे शब्द लहानपणापासून कानांवर पडतात. पण गलाईवाल्याच्या हाती येणारे सोने कुणीतरी आधीच जमिनीतून काढलेले असते. ते जमिनीतून कसे येते, हे मी पर्थला नोकरीनिमित्त सहा वर्षे राहिलो तेव्हा पाहिले आणि चार हिवाळे पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या सोन्याच्या खाणींच्या गावाच्या उत्तरेकडच्या माळांवर स्वतः डिटेक्टर, म्हणजे जमिनीतल्या धातूवरून फिरवले की आवाज देणारे यंत्र, घेऊन फिरलो. आता मी गावी परतलो आहे, मात्र तिकडे गेलेला कुणाचा ना कुणाचा पुतण्या किंवा भाचा फोन करून विचारतो, “काका, डिटेक्टर कोणता घेऊ?” हा प्रश्न सर्वांत शेवटी विचारायचा असतो, असे माझे ठाम मत आहे आणि त्याआधीचे प्रश्न नीट मांडावेत म्हणून हे लिहीत आहे.

डिटेक्टरचे काम मान खाली घालून आणि कानांवर हेडफोन चढवून करायचे असते. नजर जमिनीवर, कान यंत्रावर आणि मन पुढच्या आवाजावर असते. एकदा आवाज लागला की वेळ, दिशा, तहान यांपैकी कशाचेही भान राहत नाही. म्हणून सुरक्षिततेची जी काही व्यवस्था करायची, ती यंत्राचे बटण दाबण्यापूर्वी पूर्ण झालेली असावी. नंतर सुचेल, या भरवशावर काहीही ठेवू नये.

माझ्यावर आलेला प्रसंग सांगतो. जून महिना होता आणि आम्ही कालगुर्लीच्या उत्तरेकडच्या मेन्झीज गावाच्या पुढे होतो. सोबत साताऱ्याचा एक मित्र होता. सकाळी मी गाडीपासून निघालो तेव्हा पहिला आवाज लागला तो बुटाच्या गंजक्या चुकेचा, म्हणजे तळव्याला ठोकलेल्या बारीक खिळ्याचा. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या खाणकामगारांच्या बुटांतून गळलेल्या अशा चुका तिथे जागोजाग सापडतात. मग आणखी दोन चुका, एक पत्र्याचा तुकडा, आणि नंतर एक बारीक, गोलसर आवाज लागला, जो वीतभर खणले तरी हलेना. शेवटी लाल मातीच्या ढेकळातून मसुराएवढा दाणा तळहातावर आला. तो थुंकी लावून पुसला, उन्हात धरून पाहिला, डबीत टाकला आणि मान वर केली, तेव्हा गाडी दिसत नव्हती. चारी बाजूंना पुरुषभर उंचीची मल्गाची झुडपे, सगळी सारखी, आणि त्यांच्या पलीकडे पुन्हा तीच झुडपे. गाडी पूर्वेला होती, एवढे मला पक्के आठवत होते. दुपारचा सूर्य दक्षिणेकडे असतो या जन्माच्या सवयीने मी सूर्याकडे तोंड केले आणि डाव्या हाताला चालू लागलो. वीस मिनिटे चालल्यावर पाठीमागून, फार दुरून, गाडीचा हॉर्न ऐकू आला. एक वाजता जेवायला गाडीपाशी यायचे असे आमचे ठरले होते आणि मी आलो नाही म्हणून मित्राने हॉर्न दाबून धरला होता. मी बरोबर उलट्या दिशेने चालत होतो.

मकरवृत्ताच्या दक्षिणेला दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो, ही शाळेत शिकलेली गोष्ट. पण पाय सवयीने चालतात. सांगली-साताऱ्याच्या माणसाला वर्षातला बहुतेक काळ दुपारी दक्षिणेकडे कललेला सूर्य पाहायची सवय असते, आणि रात्री दिशा दाखवणारा ध्रुवतारा तर तिथे उगवतच नाही. शिवाय आपल्याकडे कुठेही उभे राहिले तरी एखादा डोंगर खूण म्हणून दिसतो, साताऱ्यात अजिंक्यतारा, आमच्याकडे शुक्राचार्याचा डोंगर. तिथे मैलोन्‌मैल सपाटी असते. म्हणून गाडीतून उतरताच हातातल्या जीपीएसवर गाडीची जागा नोंदवावी, ते यंत्र गाडीत न ठेवता गळ्यात किंवा पट्ट्याला अडकवावे आणि जादा बॅटऱ्या खिशात ठेवाव्यात. माझे जीपीएस त्या दिवशी गाडीच्या सीटवर पडले होते. साधे होकायंत्रही सोबत असावे, पण डिटेक्टर, कुदळ आणि लोहयुक्त दगड यांच्याजवळ धरल्यास त्याची सुई भरकटते, हे लक्षात ठेवून ते बाजूला जाऊन पाहावे. दर अर्ध्या तासाला मोबाइलचा गजर लावून, आवाज चालू असला तरी मान वर करून गाडीची दिशा पाहायची, हा नियम मी त्या दिवसापासून कधी मोडला नाही. एकट्याने जाऊ नये, हे त्या हॉर्नने मला शिकवले.

वाट चुकल्याची जाणीव होताच जिथे असाल तिथे थांबावे, सावलीत बसावे आणि शिट्टी वाजवावी. गाडी बंद पडली असेल तर गाडी सोडून चालत निघू नये. विमानातून शोध घेणाऱ्यांना झुडपांतला माणूस दिसत नाही, गाडी दिसते. गाडीचे बॉनेट उघडे ठेवावे आणि आरशाने उन्हाची तिरीप पाडत राहावी.

मोबाइलची रेंज गावाबाहेर थोड्याच अंतरावर संपते, त्यामुळे संकटात मदत मागण्याचे खरे साधन म्हणजे पीएलबी (पर्सनल लोकेटर बीकन). खिशात मावणारे हे यंत्र सुरू केले की ते ४०६ मेगाहर्ट्झवर उपग्रहामार्फत संदेश देते आणि तो कॅनबेरा येथील बचाव समन्वय केंद्रापर्यंत पोहोचतो. जीपीएस असलेलाच पीएलबी घ्यावा, कारण त्यामुळे तुमची जागा पटकन कळते. त्याला मासिक भाडे नसते. सागरी सुरक्षा प्राधिकरणाकडे त्याची नोंदणी मात्र करावी लागते आणि ती मोफत असते. नोंदणीत संपर्कासाठी विट्यातल्या वडिलांचा नंबर देण्याचा मोह होतो, तो आवरावा. संदेश आल्यावर केंद्रातून आधी त्या नंबरवर चौकशी होते; अशा वेळी तुमचा मार्ग, गाडी आणि सोबती ठाऊक असलेला, इंग्रजीत चटकन उत्तर देणारा पर्थमधला माणूस हवा. पीएलबीच्या बॅटरीची मुदत त्याच्यावरच छापलेली असते, ती निघण्यापूर्वी तपासावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे यंत्र अंगावर असावे, कारण पाय मोडून खड्ड्यात पडलेल्या माणसाला गाडीतल्या पीएलबीचा काही उपयोग नाही. जीव धोक्यात असेल तेव्हाच तो वापरायचा. टायर पंक्चर झाले किंवा नुसता उशीर झाला म्हणून बोलायचे असेल तर भाड्याने मिळणारा सॅटेलाइट फोन न्यावा. गाडीत यूएचएफ सीबी रेडिओ, म्हणजे आसपासच्या गाड्यांशी बोलायचा बिनतारी संच, असावा. त्याचे ५ क्रमांकाचे चॅनेल आणीबाणीसाठी राखीव आहे आणि ४० क्रमांकाच्या चॅनेलवर ट्रकचालक बोलत असतात.

निघण्यापूर्वी मागे राहणाऱ्या एका जबाबदार माणसाकडे कागद द्यावा. त्यावर कुठे जाणार, कोणत्या रस्त्याने, गाडीचा नंबर, कोण सोबत आहे, कधी परतणार आणि किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचे, हे सगळे लिहिलेले असावे. तिथे आणीबाणीचा क्रमांक ००० आहे आणि तातडीची नसलेली पोलिस मदत १३१ ४४४ या क्रमांकावर मिळते. गावाकडच्या घरच्यांनाही, अमुक दिवस फोन लागणार नाही, असे आधीच सांगून ठेवावे. नाहीतर इकडे आई जेवण सोडून बसते.

पाण्याबद्दल माणदेशातल्या माणसाला वेगळे काय सांगायचे, असे वाटते, पण सांगतो. आपल्याकडे दुष्काळातही चार कोसांवर एखादी वाडी किंवा टँकर भेटतो. तिथे खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण तळी दिसतात आणि जमिनीखालचे पाणीही बहुतेक ठिकाणी पिण्यालायक नसते. १८९२ मध्ये कूलगार्डीला आणि १८९३ मध्ये कालगुर्लीला सोने सापडल्यावर हजारो माणसे धावली, तेव्हा खारे पाणी उकळून त्याच्या वाफेचे पाणी विकले जात असे आणि विषमज्वराने कित्येक माणसे दगावली. अखेर १९०३ मध्ये पर्थजवळच्या मुंडारिंग धरणातून पाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकून पाणी आणावे लागले. नळ गेला तिथे पाणी आहे. त्यापलीकडे तुम्ही न्याल तेवढेच. मी माणशी दिवसाला १० लिटर धरतो आणि त्यावर तीन दिवसांचा जादा साठा ठेवतो. दोघे जण पाच दिवसांसाठी निघाले तर १०० लिटर आणि वर ६० लिटर. हे पाणी एकाच टाकीत भरू नये, वेगवेगळ्या कॅनमध्ये भरावे, कारण खडबडीत रस्त्यावर एक कॅन फुटला तरी बाकीचे राहतात. गाडीपासून चालत निघताना पाठीवर किमान तीन लिटर असावे.

तिथला हंगाम आपल्या उलटा असतो. मे ते सप्टेंबर हे महिने शोधासाठी योग्य आहेत. जून-जुलैत दिवस सुखद आणि रात्री बोचऱ्या थंडीच्या असतात. नेमकी सुट्टी मात्र नाताळात मिळते आणि त्या वेळी तिथे पारा ४५ अंशांच्या पुढे जाऊ शकतो. “आम्ही आटपाडीचे, आम्हाला उन्हाचे काय,” असे म्हणून डिसेंबरात निघालेल्या एका मुलाला मी अक्षरशः हात जोडून थांबवले आहे. उन्हाचा तडाखा बसलेला माणूस आधी चिडचिडा होतो, मग असंबद्ध बोलू लागतो. बोलणे बिघडले की क्षणही न दवडता त्याला सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि मदत मागवावी. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

गाडी चारही चाकांना ताकद मिळणारी (फोर-व्हील ड्राइव्ह) असावी आणि सोबत दोन जादा चाके, हवा भरायचा कॉम्प्रेसर, फावडे, ओढदोर व जादा इंधन असावे. पावसानंतर लाल मातीचे रस्ते साबणासारखे होतात, तेव्हा वाळेपर्यंत थांबणेच बरे. संध्याकाळनंतर गाडी हाकू नये, कारण कांगारू आणि गुरे अचानक रस्त्यावर येतात. स्पिनिफेक्स गवतातून गाडी नेली असेल तर मधूनमधून थांबून गाडीखाली अडकलेले गवत काढावे, नाहीतर तापलेल्या सायलेन्सरला लागून ते पेट घेते.

आता जुन्या खाणींविषयी. सोने सापडण्याची शक्यता जिथे जास्त, तिथेच त्या काळी खणून सोडून दिलेले हजारो उभे खड्डे आहेत. काहींचे तोंड झुडपाने झाकलेले असते, काहींवर कुजलेल्या फळ्या असतात, आणि काहींच्या तोंडाशी दिसणारी घट्ट जमीन आतून पोखरलेली असते, त्यामुळे वाकून डोकावणाराच आत जातो. काठाच्या जवळ जाऊ नये आणि पांढऱ्या-पिवळ्या मातीचा ढीग दिसला की शेजारी खड्डा आहे असेच धरून चालावे. मागे मागे सरकत डिटेक्टर फिरवू नये. आत उतरण्याचा तर विचारही करू नये. आपल्याकडे जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरलेला माणूस गुदमरतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही, अशा बातम्या आपण वाचतो; कारण खोल, बंदिस्त जागेत प्राणवायू उरलेला नसतो. तिथल्या खड्ड्यांतही तेच घडते. सोबती पडला तर वरून बोलत राहावे आणि पीएलबी सुरू करावा. जुन्या खाणीजवळ तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची बारीक नळी सापडली तर ती सुरुंगाची टोपी असू शकते. तिला हात न लावता जागा नोंदवून पोलिसांना कळवावे.

सापांबाबत आपले ज्ञान तिथे बदलावे लागते. आपल्याकडच्या घोणस आणि फुरशाच्या विषाने चावलेल्या जागेचे मांसच सडते, म्हणून आपल्याकडे घट्ट बांधण्यापासून परावृत्त करतात. ऑस्ट्रेलियातल्या ब्राउन स्नेकसारख्या सापांचे विष शरीरात पसरून घात करते, म्हणून तिथे रुंद लवचीक पट्टी चाव्यावर आणि मग बोटांपासून वरपर्यंत संपूर्ण हाताला किंवा पायाला मुरगळलेल्या घोट्याला बांधतो तितकी घट्ट गुंडाळतात, काठी बांधून तो अवयव स्थिर करतात आणि माणसाला अजिबात चालू देत नाहीत. जखम धुवू नये. कातडीवर राहिलेल्या विषाची दवाखान्यात तपासणी करता येते. अशा दोन पट्ट्या प्रत्येकाच्या पाठीवरच्या पिशवीत असाव्यात. जाड बूट आणि पोटऱ्या झाकणारे गेटर घालावेत, आणि पडलेला पत्रा हाताने नव्हे तर कुदळीने उलटावा.

परवानगीशिवाय कुठेही खणता येत नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात मायनर्स राइट हे परवानापत्र आधी काढावे लागते. खाणपट्टा कुणाच्या नावे असेल तर त्याची संमती लागते, आणि पशुपालकाच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीत जाण्यापूर्वी त्याला कळवावे लागते. सुरक्षिततेच्या दृष्टीनेही हे कळवणे मोलाचे आहे, कारण तुम्ही कुठे आहात हे ठाऊक असलेला सर्वांत जवळचा माणूस तोच असतो. आदिवासींची पवित्र स्थळे सोडून द्यावीत आणि खणलेला प्रत्येक खड्डा बुजवावा.

गलाईच्या घरातल्या मुलांना एक मोह जास्त होतो, तो म्हणजे सापडलेले सोने लगेच भाड्याच्या घरात शुद्ध करून पाहण्याचा. जुन्या खाणींच्या आसपासच्या सोन्याला कधी कधी पारा चिकटलेला असतो. ते तापवले की पाऱ्याची न दिसणारी वाफ थेट फुप्फुसात जाते. गारगोटी कोरडी कुटल्याने उडणारी धूळही फुप्फुसांना तितकीच घातक असते. दाणा आहे तसा डबीत राहू द्यावा.

परतीच्या वाटेवर रेंज आली की, आंघोळीच्या किंवा जेवणाच्याही आधी, ज्याच्याकडे कागद दिला आहे त्याला फोन करावा आणि तो कागद त्याला फाडायला सांगावा.