उसावर ड्रोनने फवारणी करताना विजेच्या तारा कशा टाळाव्यात

शेतावरून जाणाऱ्या ११ केव्हीपर्यंतच्या (११ हजार व्होल्टपर्यंतच्या) उघड्या तारा जमिनीपासून किमान ४.६ मीटर उंच असाव्यात, असा नियम आहे. वाढलेला ऊस ३ ते ४ मीटर उंच होतो आणि ड्रोन शेंड्यापासून साधारण २ मीटर वरून उडवला जातो. म्हणजे तो नेमका तारांच्या पातळीत येतो. सोयाबीनवर तारांखालून ड्रोन सुखरूप गेला (तीही सवय चांगली नव्हे) म्हणून उसातही जाईल, हा समज त्यामुळे महागात पडतो. त्यातच उन्हाने आणि वाढलेल्या वीजभाराने तार तापून लांबते आणि दोन खांबांच्या मधोमध तिचा झोळ आणखी खाली येतो.

फवारणीपूर्वी शेताला बांधाबांधाने चालत फेरी मारावी. हेलिकॉप्टरने फवारणी करणारे पायलट तारेआधी खांब शोधतात, आणि ड्रोनसाठीही हीच पद्धत उपयोगी आहे, कारण मागे डोंगर किंवा हिरवे पीक असले की तार डोळ्यांना दिसेनाशी होते, खांब मात्र दिसतो. प्रत्येक खांबावरून तारा कोणकोणत्या दिशांना जातात ते पाहावे. डीपीकडे (ट्रान्सफॉर्मरकडे) किंवा विहिरीवरच्या मोटारीकडे फुटलेली एखादी लाईन आणि खांबाला दिलेला तिरका ताण (खांब सरळ राहावा म्हणून जमिनीत रोवलेली तार) हमखास नजरेतून सुटतात. उभ्या उसात ताणाचा खालचा भाग झाकला जातो, म्हणून शेतमालकाला बरोबर घेऊन प्रत्येक ताणाची जागा विचारून घ्यावी. ड्रोनवर अडथळे ओळखणारे रडार असले, तरी बारीक तार त्याला दिसेलच असे नाही.

नकाशावर उड्डाणाची आखणी करताना सर्वांत बाहेरच्या तारेपासून दोन्ही बाजूंना मोकळा पट्टा सोडावा. साध्या जीपीएसची चूक, वारा आणि थांबताना ड्रोन पुढे सरकण्याचे अंतर लक्षात घेता १० मीटरपेक्षा कमी पट्टा मला पुरेसा वाटत नाही. तारांजवळच्या फेऱ्या लाईनला समांतर ठेवाव्यात. आडव्या ठेवल्या, तर प्रत्येक फेरीच्या टोकाला ड्रोन तारेच्या दिशेने धावतो. लाईन शेताच्या मधून जात असेल, तर एकाच शेताचे दोन तुकडे समजून दोन स्वतंत्र उड्डाणे करावीत आणि प्रत्येक वेळी उड्डाणाची जागा त्याच बाजूला घ्यावी. याचे कारण असे की, बॅटरी उतरल्यावर किंवा संपर्क तुटल्यावर आपोआप परतणारा ड्रोन बहुधा सरळ रेषेत येतो, आणि वाटेत तार असल्याचे त्याला ठाऊक नसते. परतीची उंचीही त्या शेतातल्या खांबांपेक्षा जास्त ठेवावी. कालच्या शेतातली उंची तशीच राहिलेली नाही ना, हे उडवण्यापूर्वी तपासावे.

दूर उभ्या पायलटला ड्रोन तारेच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे नीट कळत नाही. त्यासाठी ड्रोन आणि तार यांच्यातले अंतर बाजूने दिसेल, अशा जागी एक मदतनीस उभा करावा आणि त्याने "थांब" म्हणताच पुढचा प्रश्न न विचारता ड्रोन जागीच थांबवावा. सोडलेल्या पट्ट्यात पाठीवरच्या पंपाने फवारणी करावी. तिथेही लांब धातूची नळी वर उचलू नये.

"आत्ता लाईट नाही" या भरवशावर काहीही करू नये. शेतीपंपांचा पुरवठा पाळीने येतो, आणि शेतावरून जाणारी लाईन वेगळ्या फीडरचीही (उपकेंद्रातून निघणाऱ्या वेगळ्या वीजवाहिनीचीही) असू शकते.

तरीही ड्रोन तारेत अडकलाच, तर बांबूने तो काढायला जाऊ नये. १९१२ या क्रमांकावर कळवावे, लायनमनने पुरवठा बंद केल्याचे स्वतः सांगेपर्यंत सर्वांना दूर ठेवावे. तार तुटून जमिनीवर पडली असेल, तर ओल्या सरीत वीज पसरलेली असू शकते. जवळ असलेल्याने मोठी पावले न टाकता, दोन्ही पाय जुळवून सरकत बाहेर यावे. खाली आणलेल्या ड्रोनची बॅटरी पुन्हा वापरू नये आणि घरातही ठेवू नये, कारण मार लागलेली लिथियम बॅटरी काही तासांनीही पेट घेऊ शकते.