रेल्वेचा नकाशा कसा वाचावा: कोकणच्या मार्गावरचे रंग आणि खुणा

कोकणात जाणाऱ्याला रेल्वेचा नकाशा लागतो तो मुख्यतः एका कामासाठी: उतरायचं कुठे? आपण नकाशा उघडतो, गावाचं नाव शोधायला लागतो आणि कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीकडे बघतही नाही. त्या चौकटीला सूची म्हणतात. कोणता रंग, कोणती रेघ, कोणता ठिपका कशासाठी, हे तिथे दिलेलं असतं. रेल्वेच्या सगळ्या नकाशांना एकच रंगपद्धत नाही. एका नकाशातला लाल दुसऱ्यात भलतंच काही सांगतो. म्हणून आधी सूची, मग गाव.

रंग कशाचा आहे?

मुंबईच्या लोकलच्या नकाशात रंग म्हणजे मार्ग. मध्य, पश्चिम, हार्बर, ट्रान्सहार्बर. तिथे रंग बदलला की साधारणपणे गाडी बदलायची. देशाच्या मोठ्या नकाशात मात्र रंग बहुतेकदा झोन दाखवतो, म्हणजे तो मार्ग कोणाच्या ताब्यात आहे ते. अशा नकाशात रोह्यापर्यंत मध्य रेल्वेचा रंग दिसेल, पुढे ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर कोकण रेल्वेचा आणि त्यापुढे मंगळुरूकडे दक्षिण रेल्वेचा. रोह्याला रंग बदलतो, पण दिवा-सावंतवाडी गाडीत बसलेल्याला जागचं हलावं लागत नाही. लोकलच्या नकाशाची सवय असलेले इथेच चकतात.

तिसऱ्या प्रकारचे नकाशे रंगातून तांत्रिक माहिती देतात: विजेवरचा मार्ग कोणता, गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर कोणतं, वेगाची मर्यादा किती. इंटरनेटवरच्या ‘ओपन रेल्वे मॅप’मध्ये हे थर बदलून बघता येतात. थर बदलला की तीच रेघ दुसऱ्या रंगात दिसते, तेव्हा आपण कोणता थर उघडलाय ते आधी बघा.

रेघ एकेरी, दुहेरी की तुटक?

हा भाग जरा सावकाश वाचावा, कारण प्रवासाचा वेळ इथे कळतो. दुहेरी मार्ग जाड रेघेने किंवा दोन समांतर रेघांनी दाखवतात. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा पट्टा २०२१ मध्ये दुहेरी झाला. वीरच्या पुढे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे एकेरी मार्ग आहे, म्हणजे समोरून गाडी येत असेल तर कुणीतरी स्टेशनात थांबायचं. ‘क्रॉसिंगला लागली’ हे वाक्य डब्यात ऐकू येतं ते यामुळेच. नकाशावर एकेरी रेघ दिसली की वेळेचा हिशेब थोडा सैल ठेवावा.

तुटक रेघ जास्त फसवी. छापील नकाशात ती बहुधा प्रस्तावित किंवा बांधकाम चालू असलेला मार्ग दाखवते. चिपळूण-कराड आणि वैभववाडी-कोल्हापूर हे मार्ग काही नकाशांवर असेच दिसतात. त्यांची चर्चा कोकणात वर्षानुवर्षं ऐकू येते, पण त्या रेघेवरून अजून गाडी धावलेली नाही. घाट ओलांडायचा तर एसटीच धरायची. ऑनलाइन नकाशांवर मात्र तुटक रेघ बोगदाही असू शकते. उक्षी आणि भोके यांच्यामध्ये साडेसहा किलोमीटरचा करबुडे बोगदा आहे. तिथे रेघ तुटक दिसली म्हणजे मार्ग अपुरा आहे असं नव्हे. फरक ओळखायला रेघेची टोकं बघा: बोगद्याच्या दोन्ही बाजूंना अखंड रेघ असते, प्रस्तावित मार्ग मुख्य मार्गापासून फुटून बाजूला निघतो.

ठिपके

मोठं वर्तुळ किंवा चौकोन म्हणजे बहुधा जंक्शन, उदाहरणार्थ पनवेल किंवा मडगाव. लहान ठिपका म्हणजे साधं स्टेशन किंवा हॉल्ट, म्हणजे छोटा थांबा. ठिपका आहे म्हणून आपली गाडी तिथे थांबेलच असं नाही. थांबा वेळापत्रकातच बघायचा. ठिपक्याशेजारची अक्षरं स्टेशनचा कोड असतात: रत्नागिरीचा ‘आरएन’, सावंतवाडी रोडचा ‘एसडब्ल्यूव्ही’. तिकीट काढताना कोड टाकला की नावांचा घोळ होत नाही.

‘रोड’ दिसला की सावध

राजापूर रोड, संगमेश्वर रोड, वैभववाडी रोड, सावंतवाडी रोड. नावापुढे ‘रोड’ असेल तर मूळ गाव स्टेशनाला लागून नसतं. राजापूरला हे अंतर चांगलंच जाणवतं. रात्रीच्या गाडीने उतरणाऱ्याने पुढच्या रिक्षाची सोय आधीच करून ठेवावी.

शिवाय किनाऱ्यावरच्या कित्येक गावांना नकाशावर ठिपकाच नाही, कारण हा मार्ग बराचसा समुद्रापासून आत, डोंगरातून जातो. दापोलीला जायचं तर खेड, गुहागरला चिपळूण, मालवणला कुडाळ किंवा कणकवली, श्रीवर्धनला माणगाव. यासाठी रेल्वेच्या नकाशाशेजारी रस्त्यांचा नकाशा उघडा. डब्यातल्या पट्टीसारख्या नकाशावरून अंतर मोजायला जाऊ नका. त्यात स्टेशनांचा क्रम बरोबर असतो, अंतरं सारखी करून टाकलेली असतात.

शेवटी नकाशाची तारीख तपासा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं, त्यामुळे त्याआधीच्या नकाशात हा मार्ग अजून डिझेलवरचाच दिसेल.