साल्हेरला जायचंय? मग हे वाचा

नाशिकहून साल्हेर किल्ल्यावर जायचं तर पहाटेच निघा, सटाणा, ताहराबाद, मुल्हेर करत पायथ्याची साल्हेरवाडी गाठायला तीनेक तास सहज जातात. पेट्रोल आणि नाश्ता सटाण्यातच उरकून घ्या.

गड 1567 मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, त्यामुळे माणशी तीन लिटर पाणी पाठीवर हवंच आणि ग्रिपवाले शूज, कारण कातळातल्या पायऱ्या झिजल्यात, उतरताना तर फार जपून. वाघांबे गावाकडूनही वाट आहे, ती साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्यामधल्या खिंडीतून चढते. पहिल्यांदा जाताय तर गावातला वाटाड्या घ्याच, चार पैसे गावातच राहतात.

वर दरवाजे, गुहा, गंगासागर तलाव आणि अगदी माथ्यावर परशुरामाचं मंदिर. तिथे दहा मिनिटं नुसतं बसा. 1672 ला शिवरायांच्या मोरोपंत पिंगळे, प्रतापराव गुजरांनी मुघलांना उघड्या मैदानात हरवलं ते याच पायथ्याला, मराठ्यांचे सूर्याजी काकडे इथेच लढताना पडले, वरून ते पठार बघताना अंगावर काटा येतो हो.

2025 पासून गड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे, तर प्लीज भिंतींवर नावं कोरू नका, कचरा खाली आणा.