डेंग्यू: कोरडा दिवस आणि ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासाची मादी गटारात नव्हे, तर आपण वापरासाठी भरून ठेवलेल्या स्वच्छ पाण्याच्या कडेने अंडी घालते आणि मुख्यतः दिवसा चावते. ज्या वस्तीत नळाला दोन-तीन दिवसांआड पाणी येते, तिथे पिंपे आणि रांजण भरून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे ‘पाणी साठवू नका’ असा उपदेश करण्यापेक्षा कोरडा दिवस, म्हणजे आठवड्यातून एकदा सर्व साठवणीची भांडी रिकामी करून वाळवण्याचा दिवस, नीट कसा पाळावा, हे सांगणे अधिक उपयोगाचे आहे.

अंड्यापासून डास तयार होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून आठवड्यातील एक वार ठरवून सर्व भांडी रिकामी करावीत. नुसते पाणी ओतून देणे मात्र पुरेसे नाही, कारण अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या बाजूला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. यासाठी आतली बाजू ब्रशने किंवा काथ्याने खरवडून घासावी, भांडे पूर्ण वाळू द्यावे आणि अळ्या झालेले पाणी मातीवर ओतावे. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचे जुने टायर आणि नारळाच्या करवंट्या हमखास विसरल्या जातात. मोठ्या टाकीला घट्ट झाकण आणि शौचालयाच्या व्हेंट पाइपला जाळी बसवावी. जी टाकी रिकामी करता येत नाही, तीत अळ्या खाणारे गप्पी मासे सोडावेत. धुरफवारणीची गाडी गल्लीतून गेली की लोकांना हायसे वाटते, परंतु त्या धुराने उडणारे डास मरतात, पिंपातील अळ्या तशाच राहतात.

तरीही घरात कोणाला अचानक जोराचा ताप आला, डोळ्यांच्या मागे आणि सांध्यांत दुखू लागले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासावे. पहिल्या पाच दिवसांत एनएस १ (रक्तात डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी) ही चाचणी उपयोगी पडते, त्यानंतर आयजीएम (विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे शोधणारी). तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात फक्त पॅरासिटामोल द्यावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, त्यामुळे अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणू नये. पेज, ताक, शहाळे, जलसंजीवनी थोडी थोडी, पण सतत देत राहावी.

सर्वांत मोठी चूक होते ती ताप उतरल्यावर. आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप कमी होतो, घरचे निर्धास्त होतात आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रुग्णाचा रक्तदाब कोसळू शकतो. पोटात तीव्र दुखणे, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, हातपाय गार पडणे, विलक्षण अस्वस्थता किंवा ग्लानी, सहा तासांत लघवी न होणे यांपैकी एकही लक्षण दिसले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. प्लेटलेटचा (रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या पेशींचा) आकडा रोज विचारणारे नातेवाईक लघवीचे प्रमाण क्वचितच विचारतात. वास्तविक घरी धोका ओळखण्यास तेच अधिक कामाचे आहे. पपईच्या पानांचा रस पाजण्यात या काळातील एकही तास घालवू नये.

ताप असेपर्यंत रुग्णाला दिवसाही मच्छरदाणीत झोपवावे, कारण त्या दिवसांत त्याला चावलेला डास पुढे घरातल्या इतरांना आजार देऊ शकतो.