नेट बंद करा आणि मग सांगा गेम कोणाचा

गेमची डिस्क बरी की डिजिटल बरं, हे भांडण मी इतक्या वेळा बघितलंय (आणि त्यात तोंड घालून भांडलोयही) की आता दोन्ही बाजूंचे डायलॉग पाठ झालेत. डिस्कवाले म्हणणार कपाटातली वस्तू कोणी काढून नेत नाही, डिजिटलवाले म्हणणार धूळ खात पडलेल्या प्लास्टिकचं कौतुक कशाला, आणि दोघंही एकमेकांना येडं ठरवून झोपायला जाणार. माझं म्हणणं असंय की प्रश्नच चुकतोय. गेम डब्यातून आला की डाउनलोड होऊन आला याने काहीच ठरत नाही, तो सुरू होताना कोणाची परवानगी मागतो का, एवढंच बघायचं. आणि ते बघायला कोणाचं मत लागत नाही, घरच्या घरी अर्ध्या तासात कळतं. कसं ते लिहितोय, मुख्यतः पीसीवाल्यांसाठी, कन्सोलचं शेवटी.

आधी थोडं मागचं, नाहीतर एवढा खटाटोप कशाला असं वाटेल. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू नावाचा गाड्यांचा गेम २०१४ च्या डिसेंबरात आला. त्यात एकट्याने खेळायची स्टोरी होती, पण तीसुद्धा सर्व्हरला जोडल्याशिवाय चालायची नाही. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले आणि गेम संपला, आणि ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांचाही संपला बरं का, ती डिस्क आता आरसा म्हणून तोंड बघायला उपयोगी. त्याच वर्षी रॉस स्कॉट या यूट्यूबरने स्टॉप किलिंग गेम्स, म्हणजे विकलेले गेम असे मारू नका, ही मोहीम काढली आणि युरोपियन युनियनकडे द्यायच्या अर्जावर जुलै २०२५ मध्ये दहा लाखांवर सह्या झाल्या. तिकडे कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदा लागू झाला की डिजिटल वस्तूवर नुसतं 'विकत घ्या' लिहायचं असेल तर हे खरं तर लायसन्स, म्हणजे नुसती वापरायची परवानगी आहे हेही स्पष्ट सांगा. स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या कार्टमध्ये ती ओळ ऑक्टोबर २०२४ मध्येच दिसायला लागली आणि लोकांना धक्का बसला, पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये ते आधीपासून होतंच, आपण वाचलं नव्हतं इतकंच.

तर आता टेस्ट. गेम इन्स्टॉल करा, सगळे अपडेट होऊ द्या, नेट चालू असताना एकदा उघडा, दहा मिनिटं खेळून एक सेव्ह करा आणि बाहेर या. मग लाँचर (ज्यातून गेम विकत घेता आणि उघडता ते स्टीमसारखं अ‍ॅप) बंद करा, आणि इथेच बहुतेक लोक फसतात कारण कोपऱ्यातली फुली दाबली की लाँचर बंद होत नाही, तो खाली घड्याळाशेजारी बारीक आयकॉन होऊन बसलेला असतो, त्याच्यावर राइट क्लिक करून एक्झिट करायचं. मग नेट बंद. राउटरची वायर काढा नाहीतर फ्लाइट मोड लावा, पण खरोखर बंद करा. आता डेस्कटॉपवरचा शॉर्टकट वापरायचा नाही कारण तो बऱ्याचदा आधी लाँचरलाच उठवतो. गेमच्या फोल्डरमध्ये जा (स्टीमवर गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, ब्राउज) आणि तिथली ईएक्सई फाइल, म्हणजे गेम सुरू करणारी मूळ फाइल, थेट उघडा.

गेम सरळ सुरू झाला, तुमची सेव्ह दिसली, लाँचर उठला नाही, तर हा गेम तुमचा. लाँचर उठून बसला पण ऑफलाइन मोडमध्ये का होईना गेम चालला, तर अर्धा तुमचा. आणि 'कृपया इंटरनेट कनेक्शन तपासा' आलं तर तुम्ही भाडेकरू, भाडं एकदम आगाऊ भरलेले. स्टीमवरचे सगळे गेम स्टीमशिवाय चालतच नाहीत असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते चूक आहे. स्टीमचं स्वतःचं कुलूप लावायचं की नाही हे गेम बनवणाऱ्याच्या हातात असतं आणि कित्येक छोटे स्टुडिओ ते लावतच नाहीत, त्यांचा फोल्डर उचलून दुसऱ्या कंप्युटरवर टाकला तरी चालतो. म्हणून तर टेस्ट करा म्हणतोय.

दुसऱ्या कंप्युटरवरून आठवलं, जमलं तर तीही टेस्ट कराच कारण खरी परीक्षा तीच. फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या आणि जिथे हा गेम कधीच नव्हता अशा मशीनवर नेट बंद ठेवून उघडा. इथे एक गंमत होते, एमएसव्हीसीपी१४० नावाची डीएलएल सापडत नाही असा एरर येतो आणि माणूस लगेच म्हणतो बघा लॉक आहे. लॉक नाहीये. ती व्हिज्युअल सी प्लस प्लसची रनटाइम फाइल, नव्या मशीनवर ती नसतेच. तिचा इन्स्टॉलर बहुतेक वेळा गेमच्याच फोल्डरमध्ये रेडिस्ट अशा काहीतरी नावाने पडलेला असतो, स्टीमवर असेल तर कॉमन फोल्डरमधल्या स्टीमवर्क्स शेअर्डमध्ये. तोही गेमबरोबर कॉपी करून ठेवा, पुढे तहान लागल्यावर विहीर खणत बसायला नको.

हे सगळं गेम घेतल्यावर करण्यापेक्षा घेण्याआधी थोडं बघितलेलं बरं. स्टीमच्या पानावर उजव्या बाजूला खाली तिसऱ्या पार्टीचं डीआरएम, म्हणजे बाहेरच्या कंपनीचं कॉपी रोखणारं कुलूप असेल तर लिहिलेलं असतं, डेनुव्हो वगैरे, वेगळं अकाउंट लागत असेल तर तेही. त्या पट्टीकडे कोणी बघत नाही, सगळ्यांचा डोळा सवलतीच्या हिरव्या चौकोनावर. आणि तरीही घेतलाच, तर स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलं असेल तर पैसे परत मिळतात, म्हणून नेट बंदची टेस्ट पहिल्या वीस मिनिटांत उरकायची. मी मूर्खासारखा कॅरेक्टरचं नाक नीट करण्यात पन्नास मिनिटं घालवायचो.

डेनुव्होवरून जे भांडण होतं त्यात त्याने फ्रेम रेट (गेम किती सुरळीत चालतो ते) पडतो का नाही यावरच लोक तुटून पडतात, आलेख काय, व्हिडिओ काय. मला विचाराल तर दोन फ्रेम इकडे तिकडे हा किरकोळ मुद्दा आहे, खरा मुद्दा परवानगीचाच. चांगली गोष्ट ही की बरेच प्रकाशक गेम जुना झाला की हे लॉक स्वतःच काढून टाकतात, त्यामुळे फार घाई नसेल तर वर्ष-दोन वर्षं थांबा, गेम दुरुस्तही झालेला असतो आणि स्वस्तही.

आता ज्याची कॉपी ठेवता येते ती ठेवायची कशी. इथे सगळ्यात सोपं जीओजी, २००८ पासूनचं दुकान, डीआरएम नसलेले गेम हीच त्यांची ओळख. पण तिथे गेम घेऊन नुसतं त्यांच्या गॅलेक्सी अ‍ॅपमधून खेळत असाल तर तुम्ही त्या ओळखीचा काही फायदा घेतलेलाच नाही. लायब्ररीत गेमवर क्लिक करून ऑफलाइन इन्स्टॉलर उतरवा. मोठा गेम असेल तर एक सेटअप फाइल आणि तिच्याबरोबर बऱ्याच बिन फाइल येतात, त्या सगळ्याच्या सगळ्या एकाच फोल्डरमध्ये राहू द्या, नावं बदलू नका, एक जरी हरवली तरी इन्स्टॉल मध्येच बंद पडतं. बाहेरचा ड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एक फाइल त्यावर बसतच नाही आणि विंडोज म्हणणार फाइल फार मोठी आहे, ड्राइव्हमध्ये जागा तर ढीगभर दिसते, मग माणूस चक्रावतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, अर्थात आधी आत काही असेल ते बाहेर काढून.

साध्या हार्ड डिस्कवर ठेवा, एसएसडीवर नको, एसएसडी खेळायला मस्त पण वर्षानुवर्षं विजेशिवाय कपाटात ठेवायला नाही, त्यातला डेटा विरत जाऊ शकतो. आणि एकच कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. एकाच ड्राइव्हवर ठेवून इंटरनल डिस्कवरून डिलीट केलं तर तुम्ही फक्त सामान एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलंय. दोन ड्राइव्ह, आणि कॉपी झाल्यावर त्याच कॉपीवरून एकदा इन्स्टॉल करून बघायचं. हे शेवटचं कोणीच करत नाही, मीही पहिली दोन वर्षं केलं नव्हतं.

गेम तर पुन्हा मिळेल एक वेळ, सेव्ह नाही मिळत. इथे माझं रडगाणं ऐकाच. स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या गेममध्ये माझं चौथं वर्ष चालू होतं, तळघरात पिंपं लावून झालेली, सगळं गोठ्यापासून विहिरीपर्यंत आखून केलेलं. नवा लॅपटॉप घेतला, गेम इन्स्टॉल केला, सहज बघायला म्हणून नवीन शेत सुरू करून एक दिवस खेळलो आणि बंद केला. जुन्या लॅपटॉपवर परत गेलो तर लाँचरने विचारलं, क्लाउडवरची सेव्ह ठेवायची की इथली. मला वाटलं क्लाउड म्हणजे सुरक्षित, दाबलं. सुरक्षित काय, तिथे ते एक दिवसाचं शेत बसलेलं, आणि जुन्या फोल्डरवर ते येऊन आदळलं. कोणाचा लाँचर ते जाऊ द्या, बटण मी दाबलं होतं.

तर ती खिडकी आली की आधी तारखा बघा, फाइल किती केबीची आहे ते बघा, आणि शंका असेल तर काहीच न दाबता खिडकी बंद करून सेव्हचा फोल्डर हाताने कॉपी करा. क्लाउड हा बॅकअप नाही, तो सिंक आहे, म्हणजे तुमची चूक तो इमानेइतबारे सगळीकडे पोचवतो. सेव्ह कुठे असतात हे प्रत्येक गेमचं वेगळं आणि त्यात काही लॉजिक शोधू नका. स्टारड्यूचं अ‍ॅपडेटामध्ये रोमिंगच्या आत, सायबरपंक २०७७ चं युजरच्या सेव्ह्ड गेम्समध्ये, विचर ३ चं डॉक्युमेंट्समध्ये. पीसीगेमिंगविकीवर गेमचं नाव टाकलं की नेमका पत्ता मिळतो. स्टारड्यूच्या फोल्डरमध्ये तर प्रत्येक फाइलची मागे ओल्ड लावलेली आणखी एक कॉपी असते, ती आदल्या दिवसाची, फाइल बिघडली तर चालू फाइल बाजूला करून अंडरस्कोरसकट ओल्ड हा शब्द काढला की एक दिवस मागे जाऊन गेम उघडतो. माझ्या वेळी फोल्डरच गेला म्हणून उपयोग झाला नाही, तुमचा होईल. हातानं करायचा कंटाळा असेल तर लुडुसावी नावाचं फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, ते सगळ्या गेमच्या सेव्ह स्वतः शोधून एका जागी ठेवतं. जागा मात्र दुसऱ्या ड्राइव्हवरची द्या.

आता डिस्कवाल्या मित्रांसाठी. पीसीच्या जुन्या डिस्क जपून ठेवल्या असतील तर एक वाईट बातमी, सेफडिस्क नावाचं जुनं कुलूप ज्या गेमना होतं ते विंडोज १० वर मूळ डिस्कवरून चालत नाहीत, सुरक्षेचा धोका म्हणून मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये तो ड्रायव्हरच काढला. डिस्क चकचकीत आहे, किल्लीवालाच निघून गेला. कन्सोलवर तर याहून भारी किस्सा, पीएस४ च्या आतली घड्याळाची बॅटरी, साधा नाण्याएवढा सेल, तो संपला आणि नेट नसलं तर डिस्कवरचा गेमसुद्धा उघडत नव्हता. लोकांनी खूप ओरडा केला तेव्हा कुठे सप्टेंबर २०२१ च्या ९.०० अपडेटमध्ये ते सोनीने गुपचूप दुरुस्त केलं. म्हणून जुना पीएस४ कुठे पडून असेल तर तो एकदा तरी अपडेट करून ठेवा.

आणि निन्टेंडोचा स्विच २ घेतला असेल तर डब्याच्या खालच्या पट्टीकडे बघा, गेम-की कार्ड लिहिलं असेल तर त्या कार्डात गेम नाही, नुसती किल्ली आहे, घरी येऊन डाउनलोडच करायचंय आणि वर खेळताना कार्डही घालून ठेवायचंय. दोन्हीकडचे तोटे एकत्र! डिस्कवर पूर्ण गेम असला तरी तो पहिल्या दिवसाचा असतो हेही विसरू नका, सायबरपंक डिसेंबर २०२० मध्ये ज्या अवस्थेत आला ती अवस्था त्या डिस्कवर कायमची कोरलेली आहे, नंतरचे पॅच सगळे सर्व्हरवर.

कन्सोलवर डिजिटल घेता तर एक सेटिंग तेवढं तपासा. पीएस५ वर युजर्स अँड अकाउंट्समध्ये कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले, एक्सबॉक्सवर होम एक्सबॉक्स. ते तुमच्या मशीनवर चालू नसेल तर नेट गेलं की आपलेच गेम आपल्याला ओळखत नाहीत. मित्राच्या घरी लॉगिन करून त्याच्या मशीनला होम करून आलेले आणि मग आपल्या घरी बोंब मारणारे दोघं तरी मला माहितीयेत.

सबस्क्रिप्शनचं काय असं कोणीतरी विचारणारच. गेम पास वगैरेला माझा विरोध नाही, भाड्याची सायकल आहे हे माहीत असून चालवली तर मजाच आहे. फक्त ते गेम आपल्या यादीत मोजायचे नाहीत, आणि त्यातला एखादा जीवापाड आवडला तर तो जिथे लॉक नाही तिथून विकत घेऊन टाकायचा. निव्वळ ऑनलाइन गेमच्या कॉप्या करण्यातही वेळ घालवू नका, सर्व्हर गेला की ती नुसती शंभर जीबीची पोती.

माझ्या ड्राइव्हवर सध्या एकतीस फोल्डर आहेत, नावातच व्हर्जन आणि टेस्ट केल्याची तारीख टाकलीये, आणि त्यातल्या चारांच्या पुढे 'विचारून चालतो' असं लिहिलंय. दर जानेवारीत ड्राइव्ह लावून दोन-तीन फोल्डर उघडून बघतो. यंदा त्या चारातल्या एकाचं लॉक काढल्याचं कळलं, नवीन कॉपी उतरवून नेट बंद केलं, सुरू झाला, मग नावातले ते दोन शब्द खोडले.